कुळगावच्या चावडीचा कोपऱ्यातला खांब

कुळगावची चावडी पाडून टाकावी, असं लिहून देणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला उगाच शहाणा समजणार नाही.

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली होती. ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी जिल्ह्याच्या बांधकाम कचेरीत लागलो आणि अंबरनाथपासून वांगणीपर्यंतचा पट्टा माझ्याकडे आला. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या खोल्या, सरकारी विहिरी यांची देखभाल करायची. राहायला कुळगावात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दोन खोल्या मिळाल्या. मी देशावरचा, बायकोही देशावरची. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. तिला इथली दमट हवा सोसत नव्हती आणि मला तांदळाच्या भाकरीची सवय होत नव्हती. तरी आम्ही दोघं एकंदरीत खुशीत होतो.

चावडी बाजाराच्या तोंडाशी होती. काळ्या दगडाचं जोतं, तीन बाजूंनी ओसरी, ओसरीला सागाचे बारा खांब, वर माडी आणि माडीवर नळीच्या कौलांचं छप्पर. मागच्या भिंतीत लोखंडी कड्या होत्या. गावात सांगत, की पूर्वी लांबच्या वाटेचे स्वार इथे घोडे बदलत, थकलेले घोडे त्या कड्यांना बांधत आणि म्हणूनच या भागाचं नाव बदलापूर पडलं. खरंखोटं मला माहीत नाही. मी पाहिलं तेव्हा त्या कड्यांना बाजारात विकायला आणलेल्या शेळ्या बांधलेल्या असत. तलाठी महिन्यातून दोनदा ओसरीवर बसून काम करी. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या वाड्यांतल्या ठाकर बायका मोळ्या, पळसाची पानं, करवंदं घेऊन उतरत, आणि ऊन चढलं की त्याच ओसरीत टेकत, पोरांना पाजत, भाकरी सोडत. एका वर्षी उल्हास नदीला मोठा पूर आला होता, तेव्हा काठावरची माणसं गुरं सोडून आठवडाभर माडीवर राहिली होती.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा मी चावडी पाहायला गेलो तो टेप आणि ओळंबा घेऊन.

गावच्या पाटलांनी कचेरीत अर्ज दिला होता, की चावडी मोडकळीला आली आहे, पावसाळ्यात कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, तरी ती उतरवून तिथे सिमेंटचा हॉल बांधून मिळावा. पाटील वाईट माणूस नव्हते. अंबरनाथला कारखान्यांच्या नव्या इमारती त्यांनी पाहिल्या होत्या. आपल्या गावात तसं काही यावं, एवढीच त्यांची हौस. मलाही सिमेंटचं वेड होतंच. परीक्षेला मी स्लॅबचं गणित शिकलो होतो; चुना आणि माती यांच्याबद्दल मला फारसं काही कुणी शिकवलं नव्हतं.

मी रस्त्याकडच्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत चार बोटं बाहेर आली होती. कोपऱ्यातला खांब तिरका दिसत होता. त्याच्या बुडाशी हातातली काठी टोचली तर ती इंचभर आत गेली. वर माडीची तुळई त्या कोपऱ्यात खचली होती. तासाभरात माझं काम झालं. पाटलांकडे चहा घेतला आणि घरी येऊन अहवाल लिहिला. इमारत धोकादायक आहे, दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, उतरवून टाकावी.

अहवाल टपालात टाकला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी एक म्हातारा आमच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात बंडी, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर, खांद्यावर लाकडी मोगरी. गावचा सुतार. सत्तरीच्या पुढचा असावा. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला होता. बायकोने बसायला पाट दिला, पण तो बसला नाही.

"सायब, चावडी पाडायची म्हनून लिवलाव तुमी?"

"हो. खांब कुजलेत, आजोबा."

"किती?"

मी एकच पाहिला होता.

"हात लावून बगलाव का समद्यांना?"

मला राग आला होता. शिकलेल्या माणसाला दारात येऊन कुणी असं विचारलं, की राग येतोच. पण बायको चुलीपाशी उभी राहून ऐकत होती, तिच्यासमोर 'नाही' म्हणवेना आणि 'हो' म्हणणं खोटं ठरलं असतं. मी पायात वहाणा घातल्या.

चावडीत सुताराने पहिल्या खांबापाशी मला उभं केलं आणि मोगरीने खांबावर ठोका मारला. टणत्कार झाला. "आयकलाव?" मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. प्रत्येक खांबावर तो खाली, मधे आणि वर असे तीन ठोके मारी आणि मला खांबाला कान लावायला सांगे. अकरा खांब एकसारखे वाजले. कोपऱ्यातल्या बाराव्यावर वरचे दोन ठोके तसेच खणखणीत आले आणि खालचा आला तो ओल्या भोपळ्यावर मारल्यासारखा.

"हातभर गेलाय," म्हातारा म्हणाला. "वर समदा जित्ता हाय."

मग त्याने मला वर पाहायला लावलं. त्या कोपऱ्यावरची पन्हळ फुटली होती. कित्येक पावसाळे छपराचं सगळं पाणी त्या एका खांबाच्या बुडावर पडत होतं. खांब खाली बसला, त्याच्याबरोबर तुळई खचली आणि तुळईच्या टोकाने भिंत बाहेर ढकलली. पाया शाबूत होता. रोग एका जागचा होता आणि मी सगळ्या देहाला मूठमाती द्यायला निघालो होतो.

"माज्या आज्यानं उबे केलेत हे खांब," तो म्हणाला. "पर त्येच्यासाटी नाय सांगत. वाडीवरल्या बाया कुटं बसतील? तुमच्या हालात बसू देतील त्यांना?"

सिमेंटच्या हॉलला दरवाजा असणार, दरवाज्याला कुलूप असणार आणि कुलपाची किल्ली कुणाकडे तरी असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी आलो तर जेवण पानात होतं. मी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "पण आता अहवाल गेला. परत काय लिहिणार? नोकरी लागून वर्षही झालं नाही."

ती म्हणाली, "चुकलं ना? मग चुकलं म्हणून लिहा. त्यात एवढं काय? मीठ जास्त पडलं तर मी नाही का सांगत, पडलं म्हणून?"

"तू सांगत नाहीस. मला खाल्ल्यावर कळतं."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "पडल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

त्याच दुपारी मी दुसरा अहवाल लिहिला. माझी पहिली पाहणी अपुरी होती, एक खांब बदलून आणि तुळई उचलून इमारत वाचवता येईल, असं. सही करण्याआधी तो दोनदा वाचला, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी ठाण्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. आमचे साहेब कमी बोलणारे आणि चष्म्याच्या वरून पाहणारे होते. टेबलावर माझे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले होते.

"हा पहिला कुणी लिहिला?"

"मीच, साहेब."

"आणि हा दुसरा?"

"मीच."

"तिसरा कधी येतोय?"

शेजारच्या टेबलावरचे कारकून खाली मान घालून हसले. मी उभाच होतो. साहेबांनी बराच वेळ दुसरा अहवाल वाचला, मग म्हणाले, "पावसाळ्याआधी काम पुरं करायचं. चुना आणि मजूर देतो, बाकीचं गावाने बघावं. मी स्वतः येऊन पाहीन. भिंत आणखी एक बोट जरी सरकलेली दिसली, तर त्याच दिवशी पाडायची आणि ते तुमच्या सर्व्हिस बुकात लिहायचं."

परतताना गाडीच्या खिडकीशी बसून मी पावसाळ्याला किती आठवडे उरले ते बोटांवर मोजत होतो.

गावात काम सांगितलं तर पाटील दुखावले. "साहेब, तुम्हीच तर पाडा म्हणाला होतात," म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. तरी त्यांनी आडकाठी केली नाही. दोन गडी आणि एक बैलजोडी कामाला दिली. चावडीमागे चुन्याची घाणी सुरू झाली. बैल गोल फिरायचे, दगडी चाक फिरायचं, आणि चुना लोण्यासारखा होईपर्यंत मळला जायचा.

अडचण वेगळीच आली. सुताराचे हात थरथरत होते. कान शाबूत, डोकं शाबूत, पण पटाशी धरली की रेघ हलायची. त्याचा मुलगा मुंबईत गिरणीला लागला होता. गावात दुसरा कसबी कुणी नव्हता. म्हाताऱ्याने स्वतःच मला सांगितलं, "सायब, हात बगा कोनाचा तरी."

तेव्हा कुणीतरी सुचवलं, की उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन बघा, सिंधी लोकांत मिस्त्री आहेत. मी गेलो. लष्करासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, मधे गोणपाटाचे पडदे लावून केलेली घरं, आणि प्रत्येक घरासमोर काहीतरी विकायला मांडलेलं. पाच नंबरच्या कॅम्पात एका बराकीच्या दारात चाळिशीचा एक माणूस साबणाची खोकी ठोकत बसला होता. खोकी ती, पण त्यांचे कोपरे त्याने असे सांधले होते की खिळा दिसतच नव्हता. साबणाच्या खोक्याला एवढं काम कोण करतं? मी तिथेच थांबलो.

तिकडे सिंधमध्ये तो दारं, खिडक्या आणि हवेल्यांचे सज्जे करायचा. इकडे आल्यावर पाच वर्षं खोकी ठोकत होता. मी कोपऱ्यातल्या खांबाचं सांगितलं तर त्याने हातातला हातोडा खाली ठेवला.

"कितना पुराना है, साईं?"

"शंभर वर्षं तरी असेल."

"सागवान?"

"सागवान."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंबरनाथपर्यंत चालत येऊन गाडी धरून कुळगावात हजर. काखेत गोणपाटात गुंडाळलेली हत्यारं. दुपारपर्यंत त्याने काही केलं नाही. नुसता खांबांभोवती फिरला, हात फिरवला, वर पाहिलं. सुतार ओसरीवर बसून त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होता.

पहिल्याच दिवशी दोघांचं बिनसलं. मिस्त्रीचं म्हणणं, सबंध खांब काढायची गरज नाही, कुजलेला हातभर भाग कापायचा आणि नवीन लाकडाचा पाय जोडायचा. सुताराला ते पटेना.

"जोडल्याला खांब? मोडल्याला पाय हाय तो," तो मला म्हणाला. "सांगा त्येला."

मी हिंदीत सांगितलं. मिस्त्री हसला नाही की वाद घातला नाही. दोन दिवसांनी तो येताना कॅम्पातल्या जुन्या लाकडाच्या दुकानातून सागाचा एक मोठा ठोकळा घेऊन आला. मोडीत निघालेल्या लष्करी बराकीची तुळई होती ती. त्याने ओसरीवर बसून दोन लहान तुकड्यांचा नमुन्याचा सांधा केला. एकात जिना उतरल्यासारखी तिरपी खाच, दुसऱ्यात तिला बसणारी जीभ, आणि मधून आडवी पाचर. ठोकून बसवल्यावर सांध्याची रेघ केसासारखी दिसत होती. तो नमुना त्याने सुताराच्या पुढ्यात ठेवला आणि घणाकडे बोट दाखवलं. "तोडो, चाचा."

एका गड्याने घण उचलला. तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला लाकूड फुटलं, पण सांध्याच्या चार बोटं वर फुटलं. सांधा तसाच.

सुताराने तो तुकडा उचलून चांगल्या डोळ्याजवळ नेला, बोटाने रेघ शोधली, जिभेने चाटूनसुद्धा पाहिली. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "जीब अजून दोन बोटं लांब पायजे." मिस्त्रीला मराठी फारसं कळत नव्हतं, हे मात्र कळलं. "ठीक है," म्हणाला. तिथून पुढे दोघं भांडत भांडत काम करू लागले. एक कोकणातलं बोलायचा, दुसरा सिंधी-हिंदी, आणि दोघांनाही मधे मी लागत नव्हतो.

खांबावरचा भार काढण्यासाठी तुळईखाली टेकू देऊन छप्पर बोटभर उचलायचं होतं. टेकू कुठे आणि कसे उभे करायचे ते मी ठरवलं. माझं शिक्षण निदान एवढ्यासाठी तरी उपयोगी पडावं असं मला वाटत होतं. बाजाराचा दिवस टाळून सकाळी काम सुरू केलं, तरी बघायला निम्मं गाव जमलं. टेकूंच्या बुडाखाली दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायला लागलो. सुतार खांबाला कान लावून उभा होता. वरून करकर आवाज येत होता, तो ऐकून तो सांगे, "मारा... थांबा... मारा."

आणि एकदम डावा टेकू जमिनीत गेला. इतकी वर्षं पन्हळीचं पाणी मुरून तिथली माती भुसभुशीत झाली होती आणि मी टेकूखाली साधी फळीसुद्धा घातली नव्हती. छपराचा कोपरा धाडकन खाली बसला. कौलांचा लोंढा घरंगळला. मिस्त्रीने म्हाताऱ्याला बंडीला धरून मागे ओढलं, तरी एक कौल त्याच्या खांद्याला लागून गेलंच. दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. खांबाने कसाबसा तग धरला.

धूळ बसली तेव्हा बाजारात एकच कुजबुज होती. आंधळ्या म्हाताऱ्याच्या कानावर विसंबून चालले होते म्हणे! पाटील म्हणाले, "साहेब, आता तरी सोडा नाद." सुतार खांदा धरून उभा होता. त्याला वाटलं, आपण आवाज ओळखायला चुकलो. तो मोगरी तिथेच टाकून घराकडे गेला.

आणि मी गप्प राहिलो. टेकू मी उभे केले होते, माती मी पाहिली नव्हती. चार माणसांदेखत एवढं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. आयुष्यात माझ्या पुष्कळ चुका झाल्या असतील, पण त्या दिवशीचं ते गप्प राहणं मला सगळ्यांत जास्त टोचतं.

दोन दिवस सुतार आला नाही. काम बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "ते टेकू कुठे लावायचे, ते कुणी सांगितलं होतं?"

मी वहाणा शोधू लागलो.

"पिऊन जा," ती म्हणाली. "गार होईल."

सुताराचं घर गावाच्या टोकाला, वेशीजवळ. मी पोचलो तर पडवीत मिस्त्री बसलेला. पहिल्या गाडीने आला असावा. पुढ्यात पाण्याचं भांडं, निसणा आणि सुताराची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. पटाश्या, वाकस, रंधे. तो एकेक घेऊन शांतपणे धार लावत होता. सुतार भिंतीला टेकून तोंड फिरवून बसला होता. सुताराच्या सुनेने मला हळूच सांगितलं, "काल बी आलंतं. बोलत नाय काय. धार लावतं नि जातं."

मी पडवीत खाली बसलो आणि म्हणालो, "आजोबा, तुमचा कान चुकला नाही. टेकू मी चुकीचे लावले. खाली फळी घालायला हवी होती. माती ओली होती, ते मी पाहिलं नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, ते बोललो नाही."

म्हाताऱ्याने हात लांब करून मिस्त्रीपुढची एक पटाशी उचलली, अंगठ्यावर धार पाहिली आणि भडकला.

"ही कशी धार लावलीस रं? येवडी चपटी? ही काय भाजी चिरायची सुरी हाय?"

मिस्त्रीने दुसरी पटाशी पुढे केली. "ये देखो चाचा, ये आप का तरीका."

"आन इकडं," म्हणून म्हातारा निसण्यापाशी सरकून बसला. थरथरत्या हाताने त्याने पटाशी दगडावर टेकवली. मिस्त्रीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघं मिळून धार लावू लागले. सून आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पाटलांच्या ओटीवर गेलो. बाजारातले चार दुकानदार तिथे बसलेले होते. त्यांच्यासमोर मी तेच पुन्हा सांगितलं. पाटील थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मग आता फळी नको. माझ्या खळ्यावर मोठे दगड आहेत, ते न्या."

दुसऱ्या वेळी आम्ही कोपऱ्यातली ओली माती कमरेइतकी खणून काढली, तिथे मुरूम आणि चुना ठोकून बसवला, वर पाटलांचे सपाट दगड घातले आणि त्यांवर टेकू उभे केले. या खेपेला पाचरी ठोकायला सुतार आणि मिस्त्री समोरासमोर बसले. एकाचा ठोका, मग दुसऱ्याचा. सुतार ऐकत होता आणि मान हलवत होता. अर्धा दिवस गेला असेल. मग एकदम तुळई आणि खांबाचं डोकं यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. ठाकर बायका, त्या दिवशी बाजार नसतानाही आलेल्या, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

कुजका बुंधा कापला. नव्या पायाची जीभ खाचेत शिरली तेव्हा मिस्त्रीने घाव घालण्याआधी मोगरी सुताराच्या हातात दिली. शेवटचे तीन ठोके म्हाताऱ्याने मारले. नव्या पायाखालचा दगड आम्ही वीतभर उंच घेतला आणि पन्हळ नवी बसवली. भिंत मात्र सरळ केली नाही. ती ओढायला गेलं असतं तर दगडांमधल्या दरजा फुटल्या असत्या. होती तशी ठेवून चुना भरला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साहेब आले. छत्री काखेत धरून बाराही खांबांपाशी उभे राहिले. माडीवर जाऊन पाय आपटून पाहिले. मग स्वतः ओळंबा सोडला.

"भिंत अजून चार बोटं बाहेरच आहे."

मी उत्तर जुळवत होतो, तोवर सुतार म्हणाला, "सायब, मी पन वाकडाच हाय. सत्तर वर्सं चालतंय."

साहेबांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ते हसले असं मी म्हणणार नाही. पण ओळंब्याची दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "तिसरा अहवाल मी लिहितो."

काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. चावडी राहिली, आणि मीही नोकरीत राहिलो. पाटलांना त्यांचा हॉल पुढे स्टेशनच्या वाटेवर दुसऱ्या जागेत मिळाला. हॉलच्या दारांचं काम त्यांनी हट्टाने त्या सिंधी मिस्त्रीलाच दिलं. त्यानंतर त्याने साबणाची खोकी ठोकली नाहीत. आसपासच्या गावांत जुनी घरं पुष्कळ होती, त्याला काम पुरून उरलं.

चावडीच्या माडीवर गावाने वाचनालय सुरू केलं. वाचनालय म्हणजे एक बाक, एक मेज आणि आदल्या दिवशीची दोन मराठी वर्तमानपत्रं. मिस्त्री रविवारी कॅम्पातून येताना सिंधी वर्तमानपत्र आणू लागला. उजवीकडून डावीकडे वाचायची ती अक्षरं गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. सुताराला तर कुठलीच अक्षरं येत नव्हती. तो बाकावर मिस्त्रीला खेटून बसे आणि मिस्त्री त्याला आपल्या हिंदीत बातम्या सांगे; कुठे पाऊस झाला, कुठे धरण बांधायचं ठरलं, तिकडच्या गावात कोण मागे राहिलं आणि त्याचं काय झालं. म्हातारा मधेच अडवून प्रश्न विचारी. सोमवारी सकाळी मी कामावर निघालो की तो वेशीपाशी मला गाठायचा आणि त्या सगळ्या बातम्या, त्याला जशा समजल्या तशा, मला मराठीत सांगायचा. निम्म्या चुकीच्या असत. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. पुढे माझी बदली झाली, तोपर्यंत माझ्या सोमवारच्या बातम्या मी त्याच्याकडूनच ऐकत होतो.